दिवाळीचे नेसणे

दसऱ्याचे सोने वाटून झाले, कोजागरीच्या दुधाचे पातेले घासून पालथे पडले, की आमच्या घरात एक निराळीच हवा वाहू लागते. भाजणीचा खमंग वास, माळ्यावरून उतरलेल्या डब्यांचा खणखणाट आणि पंखे पुसताना डोळ्यांत उडणारी धूळ ही सर्व त्या हवेत असतातच. परंतु तिचा मुख्य झोत असतो तो कापडाचा. पाडव्याला कोणी काय नेसावयाचे, कोणाची चोळी शिंप्याकडे अडकून पडली आहे, कोणत्या दुकानात कोणता काठ पाहून ठेवला आहे, ह्यांवाचून दुसरा विषय पंगतीत निघत नाही. पुरुषवर्गाने महागाईचा किंवा निवडणुकीचा विषय काढून पाहिला, तर त्यास वरणभातापुरता अवसर मिळतो. ताक येईपर्यंत बोलणे पुन्हा काठापदरावर आलेले असते.

आमचे घर हल्लीच्या मानाने जरा मोठेच म्हणावयाचे. सदाशिव पेठेतला वाडा पाडून तेथे इमारत झाली त्याला वीस वर्षे होऊन गेली. पण आम्हां दोघा भावांनी बिऱ्हाडे मागून घेतली ती एकाच मजल्यावर, दारासमोर दार. वर्षभर चुली दोन; वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत मात्र एकच. तेवढ्या दिवसांत आम्ही अकरा माणसे एके ठिकाणी जेवतो, आणि निदान बारा मते तरी एके ठिकाणी मांडतो. २०२४ साली तर लक्ष्मीपूजन गुरुवारी की शुक्रवारी, ह्या पंचांगाच्या घोळावर दोन दिवस वाद माजला होता. तो मिटतो न मिटतो तोच दुसरा निघाला, आणि त्यानेच आम्हांस हा लेख लिहिण्यास बसविले.

त्या दिवशी संध्याकाळी आमची नात जवळ येऊन बसली. वय तेवीस, शिक्षण इंजिनियरिंगचे, नोकरी हिंजवडीस. ती अशी अदबीने येऊन बसली म्हणजे तिला काही हवे आहे हे आम्ही अनुभवाने जाणतो. ती म्हणाली, "आजोबा, खापरपणजीची पैठणी मला द्याल का? ह्या दिवाळीला घालायची आहे."

'घालायची' हा शब्द कानाला खटकला, कारण आमच्या घरात पैठणी नेसतात. पण मन मात्र भरून आले. नवी पोर जुन्या वस्त्राकडे वळते आहे, ह्याहून वृद्धांस आणखी काय हवे? आम्ही होकार देण्यासाठी तोंड उघडले, इतक्यात तिने मोबाईल पुढे केला. त्यात एका सिनेनटीचे चित्र होते. तिने कोणाची तरी जुनी पैठणी कापून तिचा घेरदार घागरा शिवून घेतला होता, पदराच्या मोरांची चोळी केली होती, आणि त्या चोळीला पाठ म्हणून दोन नाड्या होत्या. नात म्हणाली, "नऊवारी असल्यामुळे घेर छान येईल, डिझायनर म्हणाली."

आमचे उघडलेले तोंड तसेच राहिले. मग ते मिटले, आणि पुन्हा उघडले तेव्हा त्यातून जे बाहेर पडले ते सर्वच येथे लिहिण्याजोगे नाही. सारांश असा की, वडिलार्जित वस्त्राला कात्री लावणे हा अपराध होय. नटनट्यांच्या मागे धावून घराण्याच्या खुणा पुसणे हा त्याहून मोठा. आणि आमच्या आजीने असले वेड कधी स्वप्नातही आणले नसते.

हे व्याख्यान रंगात आले असता आमचे कुटुंब (हा शब्द आमच्या घरात हल्ली चालत नाही, पण लेखनात आम्ही तो लपूनछपून वापरतो) स्वयंपाकघरातून नुसते एवढेच म्हणाले, "तुमचा तो कुडता कोठे आहे हो हल्ली?"

कुडत्याचा इतिहास सांगणे आता भाग आहे. १९७१ साली आम्ही महाविद्यालयात होतो. राजेश खन्ना यांच्या नावाने तेव्हा तरुण मंडळींस जे वेड लागले होते त्याची कल्पना आजच्या पोरांस यावयाची नाही. ते अंगात जो आखूडसा, बाजूला चिरा असलेला 'गुरू कुडता' घालीत, तसा आपणांस असावा, ह्यापलीकडे त्या दिवाळीत आम्हांस काही सुचत नव्हते. वडिलांनी दरवर्षीप्रमाणे ताग्यातले कापड आणून आम्हां भावंडांचे सारख्या छापाचे सदरे शिवावयास टाकले होते. त्या काळी मध्यमवर्गात दिवाळीला घरातली सारी मुले एका बँडपथकातली दिसत, कारण एकाच ताग्यात सर्वांची सोय होई. आम्ही रुसलो. वडील म्हणाले, "तो कुडता आहे की गवयाचा झगा?" प्रकरण तेथेच संपावयाचे, पण रात्री आजीने आम्हांस माजघरात बोलावले, बटवा सोडला, सुपारी-लवंगांच्या खालून दहा रुपयांची नोट काढली, आणि ती आमच्या मुठीत कोंबून म्हणाली, "शिवून घे जा. आणि कोणी विचारले तर मला ठाऊक नाही."

पासष्ट वर्षांच्या त्या सोवळ्या म्हातारीने राजेश खन्नाच्या कुडत्यासाठी पैसे का द्यावेत, हा प्रश्न आम्हांस त्या वेळी पडला नाही. पुढेही कधी पडला नाही, ही आमच्या बुद्धीची धाव.

कुटुंबाने असे मर्मावर बोट ठेवल्यावर आम्हांस क्षणभर गप्प बसावे लागले, आणि तेवढ्या अवकाशात घरातल्या इतरांचीही पापे बाहेर पडू लागली. आमच्या थोरल्या भगिनी फराळाची ताटे झाकीत होत्या. त्यांनी १९६१ साली नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री विळीशेजारच्या कात्रीने आपल्या कपाळावर 'साधना कट' कापला होता. 'लव्ह इन सिमला' हा चित्रपट १९६० साली आला. साधना यांचे कपाळ अंमळ रुंद दिसते म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी त्यांस ऑड्री हेपबर्न ह्या नटीच्या धर्तीवर कपाळावर बटा सोडावयास लावल्या. एका मुलीचे व्यंग झाकण्याची ती युक्ती. पण देशभरच्या, कपाळे अगदी यथाप्रमाण असलेल्या मुलींनी ती उचलली. भगिनींची कथा मात्र शोकान्त झाली. पहाटे अभ्यंगाला आईने वाटीभर तेल डोक्यावर थापले, आणि त्या बटा कपाळाला अशा चिकटल्या की दिवाळीभर त्या पावसात भिजलेल्या चिमणीसारख्या दिसत होत्या.

सूनबाईंनी आपणहून कबुली दिली की त्यांचे लांब, एकाच वाटीचे वाटावे असे मंगळसूत्र हे दूरदर्शनमालेतल्या जान्हवीचे आहे. 'होणार सून मी ह्या घरची' ही माला २०१३ साली सुरू झाली आणि सराफकट्ट्यावर त्या मंगळसूत्राला नायिकेचेच नाव पडले. भावजयीने १९९४ सालची एक जांभळी साडी कपाटातून काढून दाखविली. 'हम आपके है कौन' मध्ये माधुरी दीक्षित यांनी तसली नेसल्यावर गावोगाव जी जांभळी लाट उसळली, तिचाच तो एक तुषार. एकूण घरात हात धुतलेला असा कोणी निघाला नाही.

येथे जरा थांबून एक गोष्ट सांगाविशी वाटते. सिनेमातले कपडे म्हणजे परक्यांची नक्कल, असे आम्ही सरसहा म्हणत असतो; पण त्या कपड्यांच्या मागे जे हात होते त्यांतले सर्वांत कुशल हात कोल्हापूरचे होते. भानुमती राजोपाध्ये, म्हणजे पुढच्या भानू अथैया, ह्यांचा जन्म तेथे १९२९ साली झाला. 'आम्रपाली' ह्या १९६६ च्या चित्रपटासाठी त्यांनी अजिंठ्याची लेणी पाहून वैजयंतीमाला यांची वस्त्रे बेतली. १९६८ साली 'ब्रह्मचारी' मध्ये मुमताज यांना त्यांनी जी अंगासरशी बसणारी साडी दिली, ती पुढे मुमताज यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. बेतणारीचे नाव कोणाच्या ओठी आले नाही. 'गांधी' चित्रपटासाठी १९८३ साली त्यांस ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. २०१२ साली त्यांनी तो पुतळा, आपल्यामागे नीट सांभाळला जावा म्हणून, त्या संस्थेकडेच परत सोपविला. २०२० साली त्या वारल्या. आपल्या वस्तूचे मागाहून काय व्हावे ह्याची एवढी तजवीज आम्ही कोणी केली आहे?

असो. वाद पैठणीचा होता. तिचे भवितव्य ठरविण्यास आता दोन तट पडले. धाकट्या सूनबाईंनी एक मध्यम मार्ग सुचविला. २०२३ साली दिल्लीस राष्ट्रीय पारितोषिक स्वीकारताना आलिया भट यांनी आपल्या लग्नातलीच साडी पुन्हा नेसली होती. तेव्हा न कापता जुने नेसणे हीच खरी ताजी चाल आहे, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस ह्या युक्तिवादाचे हसू आले. आमच्या आया-आज्या एकच शालू तीस-तीस वर्षे लग्नामुंजीत नेसल्या, तेव्हा त्याला गरिबी म्हणत. आता नटीने तेच केले म्हणजे त्याला चाल म्हणावयाचे. पण हसू दाबून आम्ही मान हलविली, कारण तो मुद्दा आमच्या बाजूचा होता. नात मात्र मानेना. नऊवारी नेसून दिवसभर वावरता येत नाही, पेटीत ठेवून तिचा उपयोग काय, आणि विरून जाण्यापेक्षा कापून का होईना अंगावर आलेली काय वाईट, असा तिचा सवाल. तो अगदीच खोटा नव्हता. जुन्या पैठण्यांची पुण्यात काय गत झाली हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. जुनी जर घेणारे दारोदार येत, वस्त्र जाळून त्यातली चांदी काढून घेत, आणि वजनाप्रमाणे पैसे मोजून देत. आमच्या चुलत आजीचा शालू असाच गेला. त्याची एक वाटी झाली. ती वाटी अजून आहे, आणि नैवेद्याला श्रीखंड तीतच वाढतात.

इतका वेळ आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत वाती वळीत बसल्या होत्या. आत्या म्हणजे आमच्या वडिलांच्या सर्वांत धाकट्या भगिनी. जन्म १९३६ चा. यजमान गेल्यापासून आमच्याकडेच असतात. घरातल्या चारही पिढ्या त्यांस आत्याच म्हणतात. त्यांस ऐकू कमी येते, असा आमचा समज आहे. वात बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "बाळ्या, आईने असले वेड स्वप्नातही आणले नसते, असे म्हणालास ना तू?"

बहात्तराव्या वर्षी आम्हांस बाळ्या म्हणणारे हे एकच माणूस उरले आहे. आम्ही म्हणालो, "होय."

"मग ती पैठणी आली कोठून ते ठाऊक आहे का तुला?"

आम्हांस ठाऊक होते ते एवढेच की ती 'परंपरेने चालत आली'. परंपरेला एखादी सुरुवात असते, आणि त्या सुरुवातीला कोणा तरी सोळा वर्षांच्या मुलीचा हट्ट असू शकतो, हे आमच्या डोक्यात आले नव्हते.

आत्यांनी सांगितलेली हकीगत अशी. आमच्या आजीचे लग्न १९२१ साली, पंधराव्या वर्षी झाले. आजोबा शाळामास्तर, आणि नाटकाचे वेडे. १९२२ साली त्यांनी घरच्यांची कशीबशी परवानगी काढून आजीला गंधर्व नाटक मंडळीचे 'स्वयंवर' पाहावयास नेले. आजोबा खाली पुरुषांत. आजी वर बायकांत, मोठ्या जावेच्या पाठीमागे. त्या रात्री आजीने रुक्मिणी पाहिली, आणि ती घरी आली ती वेगळीच होऊन आली.

रुक्मिणी म्हणजे अर्थात नारायण श्रीपाद राजहंस. वाचकांस बालगंधर्वांचे गाणे सांगावयास नको; पण त्यांच्या नेसण्याने ह्या प्रांतात जो पराक्रम केला, त्याचा विसर पडत चालला आहे. १८८८ साली जन्मलेला हा पुरुष १९०५ च्या सुमारास किर्लोस्कर मंडळीत शिरला, १९११ साली 'मानापमान' मधली भामिनी झाला (त्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची तान्ही मुलगी वारली, आणि तरीही प्रयोग झाला), १९१३ साली त्याची स्वतःची मंडळी निघाली, १९१६ साली 'स्वयंवर' आले, १९१९ साली 'एकच प्याला'. ह्या सर्व काळात महाराष्ट्रातल्या शिकल्यासवरल्या घरांतल्या स्त्रिया रंगभूमीकडे पाहून नेसावयास, अंबाडा घालावयास, नथ मिरवावयास आणि पदर सावरावयास शिकत होत्या. कुलीन स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवणे अशक्य होते. दुर्गाबाई खोटे चित्रपटात आल्या त्या १९३० नंतर. म्हणून बाईने बाईसारखे सुंदर कसे दिसावे, हे तिला एका पुरुषाकडून शिकावे लागले. जगाच्या पाठीवर अशी मौज फारशी घडली नसेल.

आणि आम्हांस राहून राहून वाटते की, त्यांच्या यशाचे वर्म नवलाईत नव्हते. हल्लीचे नट जे घालतात ते आपणांजवळ नसते, म्हणून हवेसे वाटते. गंधर्वांनी रंगभूमीवर नेसले ते नऊवार लुगडेच. जे प्रत्येक बाई रोज पहाटे अंधारात, घाईघाईने, ओल्या अंगाला गुंडाळीत असे. त्यांनी ते प्रकाशात, सावकाश आणि खरे रेशीम, खरी जर व खरे दागिने वापरून नेसून दाखविले. त्या हौसेपायी मंडळी कर्जात बुडाली हेही खरे. पण वर बसलेल्या बायकांस प्रथमच दिसले की आपण रोज जे नेसतो ते असे दिसू शकते, आणि त्याकडे हजार माणसे श्वास रोखून पाहू शकतात.

आजीला ते दिसले. घरी आल्यावर तिने आजोबांकडे एकच गोष्ट मागितली, रुक्मिणीने नेसली तसली पैठणी. रंग कोणता, हे तिला धड सांगता येईना. लांबून, दिव्यांच्या उजेडात पाहिलेला रंग. ती डाळिंबी म्हणे, आजोबा जांभळा म्हणत. त्यावरून दोघांत वर्षभर वाद चालला. हाच त्या दोघांतला पहिला मोकळा संवाद, असे आजीने पुढे आत्यांस सांगितले होते; तोपर्यंत घरात मोठी माणसे असल्यामुळे नवराबायकोत 'पाणी द्या' आणि 'दिवा लावला का' ह्यांखेरीज बोलणे होत नसे. आजोबांनी दोन शिकवण्या धरल्या आणि आईला खोटेच सांगितले की शाळेत जादा काम आहे. १९२३ च्या दिवाळीत येवल्याहून कोणा स्नेह्याकरवी पैठणी आली, डाळिंबी, हिरव्या काठाची. किंमत तीन पगारांहून अधिक होती.

पणजीबाईंनी ती पाहिली, आणि विचारले, "हे नाटक्याचे सोंग आमच्या घरात कोण घेणार?" त्या दिवाळीत आजीला पैठणी नेसू दिली नाही. पणजी पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत सुनेशी बोलल्या नाहीत. त्यांच्या तोंडी जी वाक्ये आत्यांनी घातली, म्हणजे घराण्याच्या रीती, नटांच्या मागे धावणे वगैरे, ती ऐकताना नात आमच्याकडे पाहत होती, आणि आम्ही पंख्याकडे.

पुढच्या वर्षापासून मात्र आजी दर पाडव्याला ती नेसू लागली. सासूबाईंच्या रागाला लोकांच्या डोळ्यांनी उतार पडला. आळीतल्या दोघीतिघींनी तसलीच मागविल्यावर पणजींनाही ती घराची शोभा वाटू लागली. अशी तीस वर्षे गेली.

१९५४ साली आजोबा वारले. आजी अठ्ठेचाळीस वर्षांची होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे पैठणी पेटीत गेली, आणि ती ज्या पाडव्याची असावयाची तो पाडवाही तिच्यासाठी संपला. आत्या तेव्हा अठरा वर्षांच्या. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्यांस जाग आली, तर माजघरात समई जळत होती, पेटी उघडी होती, आणि आई जमिनीवर बसून पैठणीचा पदर डाव्या खांद्यावर घेऊन, दुसऱ्या हाताने तो असा जरासा पुढे ओढून (आत्यांनी येथे आपल्या साध्या पातळाचा पदर ओढून दाखविला) काही तरी गुणगुणत होती. आत्या निजल्याचे सोंग करून पडून राहिल्या. पुढे लग्न होऊन गेल्या तरी दिवाळीला माहेरी आल्या म्हणजे त्या रात्री जागत. "दर वर्षी काढायची," त्या म्हणाल्या. "१९८४ साली गेली, तोपर्यंत. मला दिसते हे तिला ठाऊक होते की नाही, ते मी कधी विचारले नाही."

कोणी काही बोलले नाही. आम्हांस बटव्यातून निघालेली ती दहा रुपयांची नोट आठवत होती, तिला लागलेल्या लवंगेच्या वासासकट.

नात उठली आणि आत्यांच्या पायाशी जाऊन बसली. "मग मी कापू नको?"

"कापायची तर काप," आत्या म्हणाल्या. "तुझी आहे ती आता. पण आधी एकदा नेसून बघ. नेसायला मी शिकवीन."

पाडव्याला सकाळी त्यांच्या खोलीत शिकवणी झाली. आत्यांचे हात थरथरतात, म्हणून त्या खुर्चीतून सांगत आणि आमच्या भगिनी हाताने करीत. नातीने डझनभर टाचण्या आणल्या होत्या. आत्यांनी एकही लावू दिली नाही, कारण जुन्या रेशमाला टाचणी म्हणजे चीर. गाठ कमरेला कोठे मारावयाची, निऱ्या किती, काष्टा ओढताना श्वास कसा घ्यावयाचा, हे सारे दारापलीकडून आम्हांस ऐकू येत होते. शेवटी दार उघडले. पैठणीचा पदर हा मागावर, रेशमाच्या लहान लहान कांड्यांनी, रंगात रंग अडकवून विणलेला असतो, त्यामुळे तो उलटा-सुलटा एकसारखाच दिसतो, हे पुस्तकी ज्ञान आम्हांस होते. पण पदरावरचे मोर एका चालत्या माणसाच्या खांद्यावरून आमच्याकडे येताना आम्ही आयुष्यात प्रथमच पाहिले. आम्हांस कळू लागल्यापासून आजी पांढऱ्या लुगड्यातच होती.

नात आत्यांच्या पाया पडावयास वाकली, आणि चर्र असा आवाज झाला. मांडीपाशी, घडीच्या रेघेवर, चांगली वीतभर चीर गेली होती. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्या तोंडून "अरे" एवढेच निघाले; बाकीचे, सुदैवाने, गिळता आले.

आत्यांनी हात पुढे करून ती चीर चाचपली. "घडीवर विरली होती. उठ, उठ, ओवाळायला उशीर होतो आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "पदर इकडे आण बघू."

नातीने खांद्यावरून पदर सोडला आणि त्याचे टोक आत्यांच्या डाव्या खांद्यावर ठेवले. आत्यांचे यजमान १९९६ साली गेले. तेव्हापासून त्यांच्या अंगावर जर आलेली आम्ही पाहिली नव्हती. "उगाच काही तरी," असे त्या म्हणाल्या. पण टोक काढले नाही. ओवाळणे होईपर्यंत नात त्यांच्या खुर्चीला खेटून, अंग चोरून, अर्धी पैठणी आपल्या अंगावर आणि पदर त्यांच्या अंगावर अशी उभी होती. तिच्या मैत्रिणींनी मागाहून ते छायाचित्र पाहून विचारले म्हणे, की दोघींनी मिळून एक पैठणी नेसण्याची ही नवी चाल कोणाची?

तुळशीचे लग्न झाल्यावर आम्ही पैठणी रविवार पेठेतल्या एका वृद्ध रफूगाराकडे नेली. चष्मा कपाळावर चढवून त्याने ती उजेडाकडे धरली. चाळीस वर्षे एका घडीत राहिली काय, असे त्याने विचारले. आम्ही होय म्हणालो. असे वस्त्र अधूनमधून अंगावर आले पाहिजे, निदान घडी तरी बदलली पाहिजे, नाहीतर मोडीवरच सुटते, असे त्याचे म्हणणे पडले. रफू झाला, दिसतो, पण डोळे बारीक केल्यावर दिसतो. हल्ली पैठणी घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर मलमलीत गुंडाळून नातीच्या कपाटात आडवी ठेवलेली असते, आणि डांबराच्या गोळ्या तिला शिवणार नाहीत अशा लांब, कोपऱ्यात. घागऱ्याचे नाव पुन्हा निघाले नाही. मात्र येत्या पाडव्याला ती कोणी नेसावयाची, ह्यावरून दोन्ही बिऱ्हाडांत आतापासूनच धुसफूस चालू आहे, आणि भावजय म्हणते की वयाच्या मानाने पहिला हक्क तिचा.